संगणकाची पेटी आणि तिच्यावर राबणारे

व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही गिरणीसंपाचा इतिहास सांगू, निदान लोखंडे-जोशी यांच्या कार्यावर चार शब्द बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. चळवळीत केस पिकलेल्या माणसाकडून दुसरे काय अपेक्षावे? पण आम्ही 'संगणकाची पेटी' हा विषय कळवला आणि चालकांपैकी एक गृहस्थ हसून म्हणाले, "अहो, हे काम संगणक विकणाऱ्यांचे. तुमचे तिथे काय?" त्यांच्या या प्रश्नाला जमेल तसे उत्तर द्यावे, एवढाच आमच्या आजच्या बोलण्याचा हेतू आहे. आमचे शालेय शिक्षण आठवीपर्यंत झाले. पुढचे जे काही आहे ते छापखान्यात, ग्रंथालयात आणि सभांच्या रात्रींत मिळालेले आहे. तेव्हा पंडितांनी सांभाळून घ्यावे.

आधी शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. टेबलाखाली किंवा टेबलाच्या कडेला जी उभी लोखंडी पेटी असते, तिला आपल्याकडे सर्रास 'सीपीयू' म्हणतात. वास्तविक सीपीयू म्हणजे त्या पेटीच्या पोटातील एक चौकोनी चिप, एखाद्या बिस्किटाएवढी. पेटीचे बाजारातले नाव 'कॅबिनेट', आणि ती उभ्या घडणीची असली म्हणजे 'टॉवर'. घराला घरधन्याचे नाव द्यावे तसा हा प्रकार झाला. या चुकीमुळे एक नुकसान मात्र झाले. पेटी ही स्वतंत्र वस्तू आहे, तिची घडण कोणीतरी कोणाच्यातरी सोयीने ठरवलेली असते, ही गोष्ट आपल्या ध्यानातूनच गेली.

येथे कट्ट्याच्या बाजारपेठेत आम्ही अधूनमधून एका दुकानात बसतो. लग्नपत्रिका, जत्रेची हस्तपत्रके, सातबाराचे अर्ज, फोटोंचे आल्बम, लग्नाच्या चित्रफितींची जोडणी, अशी सारी कामे तेथे चालतात. दर्शनी बाजूला एक पांढरा, पातळ संगणक आहे. पडदा आणि यंत्र एकाच पाटीत. गिऱ्हाईक त्याच्याकडे पाहून खूश होते. आतल्या खोलीत दोन चिऱ्यांवर एक काळी, धुळकट उभी पेटी ठेवलेली आहे. तिची एका बाजूची फळी काढलेली असून समोर टेबलपंखा चालू असतो. पैसा मिळवून देणारे सारे काम त्या काळ्या पेटीवर होते. आम्ही तेथील मुलाला विचारले, "अरे, फळी का लावत नाहीस?" तो म्हणाला, "काकानू, झाकान लावल्यार मशीन तापता, काढून ठेवल्यार गप चलता." त्याने ती पेटी चिऱ्यांवर का ठेवली, हेही आम्हांला विचारावे लागले नाही. पावसाळ्यात आमच्या जमिनींना ओल सुटते, हे येथे कोणाला सांगायला हवे?

दिवसाचे दहा तास यंत्रावर बसून त्यातून पुरेपूर काम काढणारा जो पट्टीचा माणूस असतो, त्याला यंत्राच्या पेटीकडून काय हवे असते, याचे निम्मे उत्तर त्या दोन चिऱ्यांत आणि काढलेल्या फळीत आले. उरलेले निम्मे इतिहासात शोधावे लागते.

हा इतिहास संगणकापासून सुरू होत नाही. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील काम पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतः लाकडी छापयंत्र तयार केले, शाईसुद्धा स्वतःच खटपट करून बनवली आणि १८३१ साली मराठी पंचांग शिळेवर छापून काढले. पुढे त्यांनी देवनागरी टंक पाडण्याचाही उद्योग केला. या गृहस्थांची गणना आपण 'आद्य मुद्रक' म्हणून करतो. आमच्या दृष्टीने ते आणखी एका मालिकेतले पहिले आहेत. आपल्या लिपीचे काम परक्या यंत्राकडून करून घ्यायचे तर ते यंत्र आतून कसे आहे हे कळले पाहिजे, वेळ पडल्यास ते आपल्या हाताने घडवता आले पाहिजे, हे जाणणारा तो कामकरी होता. १८६४ मध्ये टंकशाळा आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी हेही त्याच जातकुळीचे.

आम्ही स्वतः १९८८ च्या सुमारास गिरगावातल्या एका छापखान्यात पोऱ्या म्हणून लागलो, तेव्हा खिळ्यांचे दिवस संपत आले होते. तरी काही जुने कंपोझिटर केसांसमोर उभे असत. इंग्रजी जुळवणाऱ्याचे काम थोड्या खान्यांत भागते. देवनागरीला काने, मात्रा, रफार, जोडाक्षरे धरून शेकडो खाने लागत. नवखा कंपोझिटर केस जशी मिळेल तशी वापरी. मुरलेला मनुष्य आठवड्याभरात चार खाने बदलून घेई. जे खिळे वरचेवर लागतात ते उजव्या हाताशी, जे क्वचित लागतात ते दूर. कोणत्याही मालकाने त्याला हे शिकवलेले नव्हते, आणि कोणत्याही मालकाने त्याला अडवलेलेही आम्ही पाहिले नाही. केस उघडी होती, म्हणून हे शक्य होते. तिला झाकण असते आणि झाकणावर 'सील तोडू नये' अशी चिठ्ठी असती, तर त्या माणसाचा हात रोज काही कोस जास्त चालला असता. मजुरी मात्र पानावर होती.

आता संगणकाकडे येऊ. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशातला एक आरंभीचा मोठा संगणक आपल्याच माणसांनी बांधला. १९६० मध्ये तो कामाला लागला आणि १९६२ मध्ये त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. सुमारे २७०० निर्वात नळ्यांचे ते यंत्र होते. एक नळी जळाली की ती काढून दुसरी बसवायची. बांधणारा, वापरणारा आणि दुरुस्त करणारा यांच्यात तेव्हा भिंत नव्हती. ती पुढे उभी राहिली.

आमचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याच वर्षी १२ ऑगस्टला अमेरिकेत आयबीएम कंपनीने आपला टेबलावरचा वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याच्या पाटीवर पाच खाचा होत्या. इंग्रजीत त्यांना स्लॉट म्हणतात, आणि आपल्याकडचे मेकॅनिकही तेच म्हणतात. या खाचांत वाटेल त्या कामाचे कार्ड बसवता येई. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, कंपनीने यंत्राच्या जोडणीचे नकाशे पुस्तकात छापून विकले. त्याआधी १९७७ च्या ॲपल-२ या यंत्राला तर आठ खाचा होत्या आणि त्याचे झाकण हाताने वर उचलले की निघे. पण त्याच ॲपल कंपनीने जानेवारी १९८४ मध्ये मॅकिन्टॉश काढला, तो बंद पेटीचा. खाच एकही नाही, आणि पेटी उघडायला लांब दांड्याचा खास स्क्रूड्रायव्हर लागे. यंत्र देखणे, वापरायला सोपे. ज्याला त्यावर पत्र लिहायचे होते तो प्रसन्न झाला. ज्याला त्यावर पोट भरायचे होते तो मात्र तीनच वर्षांत आणखी खाचा मागू लागला. १९८७ च्या मॅकिन्टॉश-२ मध्ये सहा खाचा द्याव्या लागल्या. उघडी पेटी आणि मिटलेली पेटी यांच्यातील हा लंबक तेव्हापासून हलतो आहे.

१९८७ मध्येच आयबीएमला आपल्या उदारपणाचा पश्चात्ताप झाला. तिने नव्या यंत्रमालेत नव्या घडणीच्या खाचा घातल्या आणि ती घडण वापरायची तर परवाना घ्या, पैसे भरा, असे इतर कारखानदारांना सांगितले. गंमत अशी की याच मालेतली काही मोठी यंत्रे जमिनीवर उभी ठेवण्याच्या टॉवर घडणीची, वर मूठ असलेली, कामाच्या दृष्टीने झकास होती. पण खाच कोणाची, या प्रश्नावर बाजार अडला. १९८८ मध्ये नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी आपली वेगळी, जुन्या कार्डांनाही सामावून घेणारी खाच जाहीर केली. आयबीएमची खाच पुढे मागे पडली. या भांडणात दोन्हीकडे भांडवलदारच होते, हे आम्ही विसरत नाही. तथापि जुने कार्ड फेकून द्यावे लागणार नाही, हा लाभ अखेर राबणाऱ्याच्या पदरात पडला.

त्या खाचेचे मराठी माणसावर केवढे उपकार आहेत, हे फारसे कोणी सांगत नाही. आयबीएमच्या संगणकाला फक्त रोमन अक्षरे ठाऊक होती. कानपूरच्या आयआयटीमध्ये देवनागरीसाठी संशोधन चालू होते. १९८३ मध्ये दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनात तेथील देवनागरी संगणक दाखवण्यात आला. त्या कामातून मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जिस्ट' हे तंत्र उभे केले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते कार्य तेथे आले. जिस्टचे कार्ड पेटी उघडून एका रिकाम्या खाचेत बसवायचे, की त्याच यंत्रावर, त्याच जुन्या प्रणालींत, मराठी, हिंदी आणि इतर भारतीय लिपी उमटू लागत. मूळ यंत्र बनवणाऱ्याला देवनागरीची वार्ताही नव्हती आणि त्याची परवानगी मागण्याचेही कारण पडले नाही. मुंबईतल्या एका कचेरीत हे आम्ही प्रथम पाहिले, तेव्हा मेकॅनिकने चार स्क्रू काढले, कार्ड दाबून बसवले, आणि थोड्या वेळाने पडद्यावर 'ळ' उमटला. तो 'ळ' पाहून शेजारचा वृद्ध कारकून उठून उभा राहिला होता. त्या कार्डाला ज्या खाचेने जागा दिली ती खाच नसती, तर मराठीला आणखी किती वर्षे दाराबाहेर तिष्ठत राहावे लागले असते?

१९९५ मध्ये इंटेल कंपनीने 'एटीएक्स' नावाचे माप ठरवून दिले. मदरबोर्ड साडेतीस सेंटिमीटर लांब आणि सुमारे साडेचोवीस रुंद, स्क्रूंची भोके अमुक ठिकाणी, पाठीमागची जोडणी अमुक जागी. हे माप सर्वांनी उचलले, म्हणून एका कारखान्याची पाटी दुसऱ्याच्या पेटीत आणि तिसऱ्याच्या वीजपुरवठ्यावर बसू लागली. मुंबईत ज्याला लोक अजून लॅमिंग्टन रोड म्हणतात त्या भडकमकर मार्गावर सुटे भाग घेऊन संगणक 'असेंबल' करून देणाऱ्यांची रांगच लागली. आमच्या कोकणातली किती मुले त्या गल्ल्यांत हे काम शिकून परत आली आणि तालुक्यांच्या गावी दुकाने टाकून बसली! चुलत्याने मुंबईहून पेटी धाडावी, पुतण्याने वर्षाने तिच्यात जास्तीची रॅम घालावी, दोन वर्षांनी मदरबोर्ड बदलावा आणि पेटी मात्र तीच राहावी, असे संसार आम्ही पाहिले आहेत. जुन्या घराचे वासे बदलतात, भिंती राहतात, तसे.

पेटीच्या आत काय हवे, ते आता थोडे तपशिलाने सांगतो. कंटाळा आला तरी ऐकावे, कारण मजुरीचा प्रश्न येथेच दडला आहे.

पहिली गोष्ट वारा. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड काम करताना तापतात. ठराविक मर्यादेपलीकडे तापले की स्वतःला वाचवण्यासाठी ते आपला वेग आपणच कमी करतात. यंत्र बंद पडत नाही, तक्रार करत नाही, नुसते मंदावते. लग्नाची चित्रफीत जी तासाभरात तयार व्हायची तिला दीड तास लागतो. बसलेल्या माणसाला वाटते आपलाच हात आज चालत नाही, आणि मालकालाही तसेच वाटते. पानावर किंवा नगावर मजुरी असेल तर ती उष्णता सरळ त्याच्या खिशातून वजा होते. म्हणून वारा समोरून आत यावा, तापलेल्या भागांवरून जावा आणि मागून बाहेर पडावा, वाटेत तारांचे जंजाळ नसावे, हे पेटीच्या घडणीतील पहिले कलम. पंखा मोठा असावा आणि सावकाश फिरावा. लहान पंख्याला तेवढाच वारा द्यायला भराभर फिरावे लागते आणि तो दिवसभर कानाशी किंचाळतो. गिरणीतल्या साचाखात्यातून बहिरे होऊन गावी परतलेले लोक आमच्या लहानपणी येथे होते. संगणकाचा पंखा त्या मानाने काहीच नाही, हे खरे. पण दहा तासांनी डोके का दुखते, हे त्या पंख्याजवळ बसणाऱ्याला विचारावे. पुढच्या बाजूला धूळ अडवणारी जाळी असावी आणि ती पेटी न उघडता काढून धुता यावी. आमच्याकडे जाळी नुसती धुळीसाठी लागत नाही. मुंग्या आणि पाली यांचाही संगणकावर जीव आहे.

दुसरी गोष्ट हात आत जाण्याची. पावसाळ्यात आमच्याकडे एक आजार ठरलेला. सकाळी बटण दाबावे तर पडदा काळा, आणि पेटीतून नुसती पीं-पीं. मेकॅनिक येतो, फळी काढतो, रॅमची पट्टी उपसतो, तिचे सोनेरी दात शाळकरी पोराच्या खोडरबराने घासतो, पुन्हा दाबून बसवतो, आणि यंत्र चालू. खारट दमट हवेने जोडणीवर जो थर धरतो तो रबराने निघतो, एवढेच शास्त्र. पाच रुपयांचे खोडरबर आणि दहा मिनिटे. हल्ली पुष्कळ यंत्रांत रॅम पाटीवर झाळून टाकलेली असते. तेथे खोडरबराचे काम उरत नाही. पण त्या भागात बिघाड झाला, तर सबंध पाटीच बदलण्याचे हिशेब सुरू होतात.

बाकीच्या मागण्या थोडक्यात. पुढे लागेल म्हणून दोन खाचा रिकाम्या. दुसरी, तिसरी हार्डडिस्क आतच बसेल अशी जागा, म्हणजे टेबलावर डब्यांची आणि तारांची जत्रा भरत नाही. वीजपुरवठ्याची ताकद गरजेपेक्षा थोडी जास्त. पेनड्राइव्ह लावायच्या जागा समोर, कारण दिवसातून पन्नास वेळा मागे वाकणाऱ्याची कंबर ही काही कंपनीची नसते. आणि जुन्या जोडण्यांपैकी निदान एखादी टिकवावी. मराठी टंकांच्या काही प्रणालींना पेटीमागच्या जुन्या रुंद पोर्टात लावायचे कुलूप असे. नव्या पेट्यांतून ते पोर्ट नाहीसे झाले आणि पैसे देऊन घेतलेल्या अक्षरांवर लोकांना पाणी सोडावे लागले. देखणेपणाबद्दल मात्र एकाही राबणाऱ्याने आमच्याकडे कधी मागणी केली नाही. असलाच तर तो वरचा दागिना.

येथे आम्हांला आमच्याच चळवळीवर टीका केली पाहिजे. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सुमारे सहा महिने संप झाला. विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत अशा योजना मालकांनी आणल्या होत्या. त्या संपात आपल्या मालवण-सावंतवाडीकडचे कामगार थोडे नव्हते. साचा त्यांच्या परिचयाचा होता. एका माणसाला किती साचे झेपतात, हे कोणी ठरवायचे, यावर ते भांडले. पुढे संगणक आले तेव्हा १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळातल्या कर्मचाऱ्यांनी त्यांना विरोध केला. १९६९ मध्ये सरकारने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनाविषयी समिती नेमली आणि तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यंत्रांविषयी करार केला. नोकऱ्या जाऊ नयेत यासाठी हे सारे लढे आवश्यक होते, आणि त्यांची थट्टा करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. परंतु त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत आम्ही जे करार वाचले, जे करार आम्ही स्वतः सही करून आणले, त्यांत यंत्रांची संख्या आहे, भत्ता आहे, प्रशिक्षण आहे. यंत्र कसे असावे, त्याची फळी कोणी उघडावी, ते तापल्यामुळे गेलेला वेळ कोणाच्या खाती मांडावा, याबद्दल एक ओळ नाही. साच्याविषयी आमच्या आजोबांना जेवढे कळत होते, तेवढे संगणकाविषयी आम्हांला कळत नव्हते, म्हणून आम्ही तो प्रश्न मालकावर आणि दुकानदारावर सोडून दिला.

त्याची किंमत आम्ही एकदा डोळ्यांनी पाहिली. सन २०१४, लोकसभा निवडणुकीचा हंगाम. एका शहरातील मुद्रणालयात मालकाने जुन्या उभ्या पेट्या भंगारात घालून पातळ, बंद यंत्रे आणली होती. खोली पत्र्याची, महिना एप्रिलचा. पानावर मजुरी घेणारी एक भगिनी त्या यंत्रावर हस्तपत्रकांची पाने लावत असे. दुपारी बारानंतर यंत्र रांगू लागे. तिने फळी काढण्याचा प्रयत्न केला असता, तर काढण्यासारखी फळीच नव्हती. शेवटी यंत्र बंद पडले, ते दुरुस्तीला मुंबईस गेले आणि नऊ दिवसांनी परत आले. त्या नऊ दिवसांची मजुरी नाही, शिवाय आधीच्या दिवसांत काम कमी भरल्याबद्दल कापलेली रक्कम निराळी. आम्ही मालकाशी बोलायला गेलो. तो दुष्ट मनुष्य नव्हता. त्याने आम्हांला नवे यंत्र दाखवले आणि म्हणाला, "एवढे महाग यंत्र घेऊन दिले, आणखी काय करू?" त्या क्षणी आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही कापलेली रक्कम तेवढी परत मिळवली. नऊ दिवसांचे पैसे मिळाले नाहीत.

कोकणातल्या पत्र्याखाली जे घडले तेच जगातल्या अत्यंत श्रीमंत कंपनीच्या दालनातही त्याच सुमारास घडत होते, हे आम्हांला नंतर वाचनात कळले. ॲपल कंपनीची व्यवसायी लोकांसाठीची उभी ॲल्युमिनियमची पेटी २००६ पासून 'मॅक प्रो' या नावाने विकली जाई. चित्रपट जोडणारे, संगीत मुद्रित करणारे, छपाईवाले तिच्यावर खूश होते. बाजूची फळी एका कडीने निघे, आत चार डिस्क सरकवून बसवता येत, खाचा होत्या. डिसेंबर २०१३ मध्ये कंपनीने ती मोडीत काढून नवी घडण आणली. सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीचा काळा चकचकीत दंडगोल, तांब्यापेक्षा थोडा मोठा. मधोमध धातूचा त्रिकोणी गाभा, त्याच्या तीन बाजूंना तापणारे भाग, वर एकच पंखा. पाहणाऱ्याने वाहवा करावी असे ते यंत्र होते. पण आत कार्डाची खाच नाही, जास्तीच्या डिस्कला जागा नाही. जे हवे ते बाहेरून तारेने जोडा. टेबल पुन्हा डब्यांनी भरले. शिवाय घडण दोन मध्यम ग्राफिक चिपांची उष्णता गृहीत धरून केलेली होती. पुढे राबणाऱ्यांना एकच पण फार ताकदीची आणि फार तापणारी चिप हवीशी झाली, तेव्हा तिला त्या गाभ्यात जागाच नव्हती. यंत्र तीन वर्षांहून अधिक काळ जसेच्या तसे राहिले. एप्रिल २०१७ मध्ये कंपनीच्या वरिष्ठांनी काही पत्रकारांना बोलावून कबूल केले की, त्या घडणीने आपण उष्णतेच्या कोपऱ्यात स्वतःलाच कोंडून घेतले. डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा उभी पेटी आली. आठ खाचा, समोर जाळी, मोठे पंखे, आणि वरची मूठ फिरवून उचलली की सारे कवच अलगद निघते. किंमत ५९९९ डॉलरांपासून पुढे, आणि खाली चाके हवी असतील तर त्यांचे आणखी ४०० डॉलर. चाकांच्या या किमतीवर आम्ही काही बोलत नाही. त्या मुलाच्या दोन चिऱ्यांची किंमत श्रोत्यांना ठाऊक आहे.

त्या कंपनीला माघार घ्यावी लागली, ती गिऱ्हाइकांकडे पैसा होता म्हणून. हॉलिवुडच्या चित्रशाळा दुसऱ्याचे यंत्र घेऊ शकत होत्या. आमच्या पत्र्याखालच्या भगिनीला ते स्वातंत्र्य नव्हते. यंत्र निवडणारा एक आणि त्याच्यावर बसणारा दुसरा, अशी फाळणी जेथे असते तेथे बाजाराचा न्याय पोहोचत नाही. तेथे संघटना लागते.

बंद पेटीच्या बाजूनेही एक प्रामाणिक युक्तिवाद आहे, तो सांगितला नाही तर आम्ही एकांगी ठरू. मेमरी प्रोसेसरच्या अगदी लगत, एकाच तुकड्यावर बसवली तर माहितीची ने-आण फार वेगाने होते आणि वीजही कमी लागते. त्याच मॅक प्रोची २०२३ ची आवृत्ती अशी आहे. खाचा आहेत, पण मेमरी नंतर वाढवता येत नाही आणि ग्राफिक कार्ड बसवून उपयोग नाही. कमी वीज म्हणजे कमी उष्णता, आणि वीज जाणाऱ्या प्रदेशात तेही मोलाचे. म्हणून प्रत्येक झाळलेला भाग म्हणजे कारस्थान, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र जेथे वेगाचे कारण नाही, तेथेही स्क्रूच्या जागी डिंक आला, जाळी गेली, फळी गेली. त्याचे कारण आम्हांला कोणी पटवून दिलेले नाही.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल आणि टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे तिच्यापुढे ठेवली होती. पाऊल चांगले आहे. परंतु त्या यादीत हक्क कल्पिला आहे तो ग्राहकाचा, म्हणजे ज्याने पैसे मोजले त्याचा. पानावर मजुरी घेणारा माणूस यंत्राचा ग्राहक नसतो. पावती त्याच्या नावाची नसते. त्याचे नाव फक्त हजेरीबुकात असते.

गेल्या वर्षी आमच्याच जिल्ह्यातल्या एका मुद्रणालयाशी कराराची बोलणी झाली. या वेळी आम्ही काम करणाऱ्यांना सांगितले की, मागण्या तुम्हीच लिहा. त्यांनी वहीच्या एका पानावर पाच ओळी लिहून आणल्या. पेटी जमिनीपासून वीतभर उंच असावी. महिन्यातून एकदा कामाच्या वेळात ती उघडून साफ करावी. नवे यंत्र घेताना त्यावर बसणाऱ्यांपैकी एकाला दुकानात बरोबर न्यावे. यंत्र तापून किंवा बिघडून गेलेला वेळ पानांच्या हिशेबात धरू नये. आणि पाचवी ओळ, फळी उघडण्याची मुभा काम करणाऱ्याला असावी.

पहिल्या तीन ओळी मालकाने तासाभरात मान्य केल्या. चौथीवर दोन बैठका झाल्या आणि ती अर्ध्या दिवसावरच्या खोळंब्यापुरती मान्य झाली. पाचवीवर त्यांनी पेटीच्या पाठीमागची चिठ्ठी दाखवली. सील तोडल्यास हमी रद्द. त्यांचेही खोटे नव्हते. शेवटी असे ठरले की, हमीची मुदत संपेपर्यंत फळीला हात लावायचा नाही आणि तोवर साफसफाई दुकानदाराच्या माणसाने येऊन करायची. मुदत कार्तिकात संपते. दुकानदाराचा माणूस ज्येष्ठात येतो म्हणाला होता, तो आला नाही. यंत्र सध्या दुपारी रांगते, आणि ते तास त्या बायका वहीत लिहून ठेवत आहेत.